आफ्रिकेत पायी माग काढत फिरणं: त्यासाठी एक दुपार ठेवावी का?

अनघा_ठाणे
नमस्कार मंडळी,
जूनमध्ये डर्बनला नणंदेकडे जातोय. तिथून पुढे श्लुश्लुवे-इम्फोलोझी अभयारण्यात मुक्काम ठरलाय. पहाटेच्या जीपच्या फेऱ्या घेतल्या आहेतच. एक दुपार मोकळी आहे आणि तिच्यावरून घरात दोन तट पडलेत. तिथे बंदूकधारी वनरक्षकांबरोबर पायी, ठसे बघत, माग काढत हिंडता येतं असं नणंद म्हणते. मला जायचंच आहे. नवऱ्याचं म्हणणं असं की एवढं तिकीट काढून जायचं आणि भर दुपारी मोकळ्या रानात पायपीट करायची, त्यापेक्षा आणखी एक जीप फेरी घेऊ, सिंह तरी दिसेल.
तर दुपारी पायी गेल्यावर खरंच काही हाती लागतं का? सोबत सासूबाई आहेत (वय ६८, गुडघे कुरकुरतात) आणि मुलगा आहे, अकरा वर्षांचा. ज्यांनी केलंय त्यांनी मोकळेपणाने लिहा.

सुहास_भटकंती
मी तुमच्या यजमानांच्या बाजूचा. आम्ही क्रूगरमध्ये, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या मोठ्या राष्ट्रीय उद्यानात, पायी गेलो होतो. वाटाडे उत्तम, माहिती भरपूर, पण तासन्‌तास चालून शेण, ठसे आणि एक कासव. त्याच संध्याकाळी गाडीतून रस्त्याकडेला सिंहिणी बछड्यांसकट. गाडीला प्राणी सरावलेले असतात, पायी माणूस दिसला की लांबूनच निघून जातात. पहिल्यांदा जाणाऱ्याने, त्यातून लहान मूल असताना, जीपच घ्यावी.

मीनल_क
वाचतेय. आमचंही पुढच्या वर्षी घाटतंय.

डर्बनकर
अनघाताई, मी इथे नोकरीनिमित्त बरीच वर्षं आहे. डर्बनहून इम्फोलोझी साधारण तीन-साडेतीन तासांवर, एन-टू महामार्गाने उत्तरेला. त्यामुळे पाहुणे आले की आमचं जाणं होतंच. सुहासरावांना जे मिळालं नाही म्हणून वाईट वाटलं, त्याच्यासाठीच मी जातो. एका दुपारचं सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

पुढे एक बंदूकधारी, त्यांच्या मागे दुसरे, मग आम्ही एकामागोमाग एक. पुढचे पन्नाशीचे झुलू गृहस्थ, तिकडच्या रीतीप्रमाणे सगळे त्यांना बाबा म्हणत. निघायच्या आधी त्यांनी नियम सांगितले: बोलायचं नाही, ओळ मोडायची नाही, काही झालं तरी पळायचं नाही, हाताची खूण झाली की जागच्या जागी थांबायचं. मग खिशातून राखेची छोटी पुरचुंडी काढून हवेत झटकली. राख आमच्या अंगावर आली, म्हणजे वारा समोरून. त्यांनी मान हलवली आणि आम्ही ओढ्याच्या पात्रात उतरलो.

वाळूत गेंड्याचा ठसा होता. फूटभर रुंद, तीन बोटं. बाबा उकिडवे बसले आणि आम्हाला त्यांच्या बाजूला बोलावलं, कारण समोरून उजेड येत असला की ठशाच्या कडांची सावली पडते. तिथे गेंड्यांच्या दोन जाती, पांढरा आणि काळा. आधी त्यांनी टाचेकडची बाजू दाखवली. पांढऱ्या गेंड्याच्या ठशात तिथे ठळक खाच असते, काळ्याचा ठसा तुलनेने लहान आणि टाचेला गोल. मग जराशा पुढचा एक छोटा ठसा दाखवला. तो अर्धाच होता, कारण मोठं पाऊल त्याच्यावर पडून त्याची एक बाजू मोडली होती. म्हणजे पिल्लू पुढे, आई मागे. पांढऱ्या गेंड्यात पिल्लू आईच्या पुढे चालतं, काळ्यात मागे. म्हणजे एकाच ठशाने दुसऱ्याची साक्ष काढली.

पुढे त्या ठशावरून एका किड्याची बारीक नक्षी गेलेली दिसली. बाबा म्हणाले, हा किडा रात्री फिरतो, म्हणजे गेंडा रात्रीच्या आधी गेला, हा माग आपल्या कामाचा नाही. तो सोडून आम्ही पात्रातून वर चालत राहिलो. एका वळणावर पुन्हा तीच जोडी, पण आता कडा धारदार, दबलेल्या वाळूचा रंग अजून ओलसर. पुढे लोळणीचं डबकं, शेजारच्या खोडाला कमरेएवढ्या उंचीवर चिखल लागलेला. बाबांनी हाताने दाबून पाहिला, बोट आत गेलं. तिथून ते इतके हळू चालायला लागले की एकेक पाऊल टाकताना मला माझ्याच बुटांचा आवाज नको झाला.

आणि मग त्यांनी हात वर केला तो ठशांकडे बघून नव्हे. समोरच्या झाडोऱ्यातून एका पक्ष्याचा फिसकारल्यासारखा आवाज आला होता. गेंड्याच्या पाठीवरच्या गोचिड्या खाणारे लाल चोचीचे ऑक्सपेकर. ते उडाले की खालचा गेंडा सावध होतो. आम्ही तसेच गुडघ्यावर बसलो. झाडाच्या सावलीत दोन राखाडी उंचवटे होते. मी त्यांना वारूळ समजत होतो, तोपर्यंत एका उंचवट्याचा कान फिरला.

गेंड्याची नजर अधू, तीसेक मीटरपलीकडचा न हलणारा माणूस त्याला कळत नाही. पण नाक आणि कान अतिशय तिखट. आम्ही वाऱ्याच्या खालच्या अंगाला होतो म्हणून आई झोपेतच राहिली. पिल्लू उठलं, आमच्या दिशेने तोंड करून उभं राहिलं, पुन्हा आईला टेकून आडवं झालं. थोड्या वेळाने बाबांनी खूण केली आणि आम्ही आल्या वाटेने मागे सरकलो. त्यांना आम्ही येऊन गेलो हे कळलंच नाही. बाबांच्या लेखी काम नीट झालं ते याचमुळे.

मीनल_क
काय लिहिलंय! कान फिरल्यावर मी इथे खुर्चीत ताठ बसले.

कोकणी_पोर
दोन तासांच्या मीटिंगमध्ये मीपण तसाच न हलता बसतो, पण बॉसची नजर अधू नाही :)

चांदाकर
डर्बनकर साहेब, मन भरून आलं. आमचं गाव ताडोब्याच्या बफरला लागून, मोठे काका वनखात्यात वनमजूर होते. ठसा बघताना उजेड समोर ठेवायचा ही गोष्ट काकांनी मला लहानपणी सांगितली. दोन देशांतल्या दोन माणसांनी वाळूकडे बघून एकच नियम काढला.

पण अनघाताईंच्या प्रश्नाबद्दल एक शंका. आमच्याकडे भर दुपारी ठसे बघायला कोणी जात नाही. सूर्य डोक्यावर असला की सावली पडत नाही आणि ठसा जमिनीत विरघळतो. सकाळी आठच्या आत नाहीतर उन्हं कलल्यावर. त्यामुळे दुपारची फेरी घेऊ नये, सकाळची पायी घ्या आणि दुपारची जीप, असं मी म्हणेन.

दुसरं म्हणजे ठशांवर आपल्याकडे किती भिस्त होती हे तरुण मंडळींना माहीत नसेल. काच ठेवून वाघाचा ठसा कागदावर उतरवायचा, प्लास्टर ओतून साचा घ्यायचा आणि त्यावरून वाघ मोजायचे, ही पद्धत १९६० च्या दशकात आली आणि चाळीसेक वर्षं चालली. राजस्थानातल्या सरिस्कात वाघ संपल्याचं २००५ साली उघड झालं तेव्हा तिच्यावर सडकून टीका झाली आणि पुढे कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, आले. मोजणीसाठी ते योग्यच झालं. पण त्यात एक नुकसानही झालं असं मला फार वाटतं. काकांच्या पिढीला ठशावरून वाघ नर की मादी, निवांत चालला होता की कशावर दबा धरून, हे सांगता यायचं. आताच्या पोरांना कॅमेऱ्याचं कार्ड बदलता येतं. पारध्यांच्या घराघरांत ही विद्या होती. ज्यांना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली त्यांच्यात हीही माणसं ओढली गेली, आणि शिकारबंदीनंतर त्यांच्या या ज्ञानाला सन्मानाचं काम क्वचितच मिळालं. आफ्रिकेत तसं काम मिळतं का, हे कोणी सांगेल का?

डर्बनकर
चांदाकर, उजेडाबद्दल तुमचं बरोबर आहे, फक्त जागा आणि महिना धरायला हवा. इम्फोलोझी विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे २८ अंशांवर. जूनमध्ये तिथे हिवाळा. भर मध्यान्हीलाही सूर्य क्षितिजापासून चाळीस अंशांपेक्षा कमी उंच, आणि तोही उत्तरेला. पाचच्या सुमारास मावळतोच. म्हणजे अडीच-तीनला निघालात की सावल्या लांब झालेल्या असतात आणि ठसा उठून दिसतो. उन्हाचा तडाखा नसतो, गवतही सुकून बसलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत जाणाऱ्यांनी मात्र तुमचंच ऐकावं.

ट्रॅकर, म्हणजे माग काढणाऱ्या मंडळींच्या कामाबद्दल: लुई लीबेनबर्ग यांनी सायबरट्रॅकर नावाची पद्धत उभी केली. कलहारी वाळवंटातल्या सान आदिवासी शिकाऱ्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून चित्रांवर बोट ठेवून नोंद करता येईल असं उपकरण तयार केलं. १९९४ पासून ट्रॅकरची रानातच परीक्षा होते. परीक्षक जमिनीवरच्या खुणांभोवती गोल काढतो आणि विचारतो, हे कोणाचं, काय करत होता, किती जुनं. उत्तीर्ण झालं की श्रेणीचा दाखला मिळतो आणि त्यावर नोकरी मिळते.

चांदाकर
हे इकडे व्हायला पाहिजे. गडचिरोलीत, मेळघाटात अशी माणसं आजही आहेत, फक्त त्यांची परीक्षा घेणारं कोणी नाही.

रेवती_म
डर्बनकर यांनी जागेचा इतिहास लिहिला नाही म्हणून मी लिहिते, कारण अनघाताई नेमक्या ज्या रानात जाताहेत त्या रानाला तोड नाही.

शाका राजाच्या काळात झुलू राजघराण्याचं हे शिकारीचं रान. पांढऱ्या नि काळ्या इम्फोलोझी नद्यांच्या मधला पट्टा. १८९५ साली इथे राखीव क्षेत्र जाहीर झालं, कारण दक्षिणेकडचा पांढरा गेंडा सगळीकडून मारला जाऊन मूठभर उरला होता तो फक्त इथेच. तो वाढला, आणि १९६० च्या दशकात इथले वनाधिकारी इयान प्लेयर यांच्या पुढाकाराने 'ऑपरेशन ऱ्हायनो' झालं. औषधाच्या बाणाने गेंडे झोपवायचे, पिंजऱ्यात भरायचे आणि जिथून ते नाहीसे झाले होते तिथे पाठवायचे. क्रूगरमध्ये एकही उरला नव्हता, तिथे परत गेले ते इथलेच. आज जगात जे दक्षिणी पांढरे गेंडे आहेत ते जवळजवळ सगळे याच कळपाचे वंशज.

आणि पायी हिंडण्याची प्रथाही इथलीच. १९५९ मध्ये प्लेयर यांनी पर्यटकांना पायी नेणं सुरू केलं तेव्हा सोबत होते मकुबू न्टोम्बेला. ते पोरवयात वनखात्यात लागले होते आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. प्लेयर यांनी आयुष्यभर सांगितलं की रान वाचायला मला मकुबूंनी शिकवलं. सुहासदादा, शेण आणि ठसे बघायला मिळाले म्हणून तुम्ही ती फेरी वाया गेली म्हणता, पण ती न्टोम्बेलांची शाळा आहे हो.

सुहास_भटकंती
रेवतीताई, आदर आहेच. पण आज त्या रानात काय चाललंय तेही लिहा. २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ४९९ गेंडे शिंगासाठी मारले गेले, त्यातले तीनशेहून अधिक याच अभयारण्यात. म्हणून २०२४ पासून तिथे गेंड्यांची शिंगं कापायला सुरुवात झाली. अनघाताईंना बिनशिंगाचा गेंडा दिसेल अशीच शक्यता जास्त. माग काढून, श्वास रोखून शेवटी ते बघायचं? मला तरी ते बघवणार नाही.

डर्बनकर
मी पाहिलाय. पहिल्यांदा खरंच पोटात तुटतं. पण शिंग म्हणजे नखासारखंच केराटिन. मुळापासून नव्हे, वरचेवर, भूल देऊन कापतात, ते पुन्हा वाढतं आणि दीड-दोन वर्षांनी पुन्हा कापावं लागतं. आणि ज्या माणसाने सकाळी झोपलेल्या गेंड्याचं डोकं धरून ठेवलं असेल, तोच दुपारी तुम्हाला त्याच गेंड्याचा ठसा दाखवतो. बघवत नाही म्हणून न जाणं मला पटत नाही. तिकिटाच्या पैशातूनही पहाऱ्याला हातभार लागतो.

निसर्गवेडी
यावरून एक कळकळीची विनंती. गेंड्याचा फोटो काढलात तर तो लगेच टाकू नका, फोनमधलं लोकेशन बंद ठेवा आणि कुठल्या पाणवठ्याजवळ दिसला ते कुठेही लिहू नका. शिकारी टोळ्यांना फुकटचा माग आपणच देतो. कित्येक अभयारण्यांत तशा पाट्याच लावल्यात.

सुहास_भटकंती
निसर्गवेडी, या मुद्द्याला हजारदा +१.

कोकणी_पोर
मला त्या शेणाबद्दल अजून ऐकायचंय. म्हणजे पांढरा-काळा गेंडा शेणावरून पण कळतो?

डर्बनकर
लख्ख कळतो. पांढरा गेंडा गवत चरणारा, ओठ रुंद, सपाट. त्याच्या शेणात नुसता गवताचा चोथा. काळा झुडपांच्या फांद्या खातो, ओठ टोकदार. त्याच्या शेणात काटक्यांचे तुकडे सापडतात आणि प्रत्येक तुकडा तिरका, अडकित्त्याने कातरल्यासारखा. हत्तीही काटक्या खातो, पण त्याच्या लिदीत त्या चिंधड्या झालेल्या असतात. गेंडे एकाच ठिकाणी येऊन ढीग करतात, आणि हद्दीचा मालक असलेला नर मागच्या पायांनी शेण उधळतो, म्हणजे वास तळपायाला लागून जिथे जाईल तिथे पसरतो. नुसता ढीग बघून त्या टापूचा धनी कोण ते बाबा सांगतात.

स्वप्नील_गुवाहाटी
काझीरंग्यातले गेंडेही एकाच ठिकाणी ढीग करतात. आमचे माहूत गवतात उतरायच्या आधी लांबूनच ढीग बघून वाट बदलतात.
हत्तीवरून एक सांगतो: पुढच्या पायाच्या ठशाचा घेर दोरीने मोजा आणि दुप्पट करा, हत्तीची खांद्यापर्यंतची उंची मिळते. पुढच्या पायाचा ठसा गोल, मागच्याचा लांबट. अनघाताईंच्या मुलाला दोरी द्या बरोबर, तासभर खूश राहील.

डॉ_प्राजक्ता
कोणीच लिहिलं नाही म्हणून. पायी हिंडणार असाल तर सिंहापेक्षा गोचिडीची काळजी घ्या. त्या भागात गोचिडीच्या चाव्यातून एक ताप येतो. चावल्यानंतर साधारण आठवड्याभराने अंगदुखी, डोकेदुखी, ताप, आणि चाव्याच्या जागी काळी खपली. परत आल्यावर असं काही झालं तर डॉक्टरांना आफ्रिकेत गवतातून चालल्याचं आवर्जून सांगा, नाहीतर मलेरिया-डेंग्यूच्याच तपासण्या होत राहतात. डॉक्सिसायक्लिनने बरा होतो. प्रतिबंध सोपा: लांब पँट, तिची टोकं मोज्यात खोचायची, रात्री अंघोळीआधी काखा, जांघा, गुडघ्यांमागे नीट बघायचं.
भारतातून थेट दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्यांना पीतज्वराचं प्रमाणपत्र लागत नाही, पण वाटेत केनिया फिरून जाणार असाल तर लागतं, आणि लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते.

मिलिंद_पुणे
सगळं छान, पण धोक्याबद्दल फार हलकं लिहिलं जातंय असं वाटतं. पायी हिंडताना खरी भीती सिंहाची नाही, कळपातून बाहेर पडलेल्या म्हाताऱ्या रेड्यांची. आफ्रिकी रानरेडा दुपारी दाट झुडपात बसून असतो, एकटादुकटा, आणि वाऱ्यामुळे त्याला तुमचा वास आधी आला नाही तर तुम्ही त्याच्या अंगावरच जाता. गेंड्यासाठी वारा समोरून हवा हे खरं, पण तोच वारा रेड्याला अंधारात ठेवतो. लहान मुलांना घेऊन जाऊ नये ते याचसाठी.

डर्बनकर
मिलिंद, हा मुद्दा तुम्ही आणलात ते बरं केलं. म्हणूनच चांगले वाटाडे दुपारी नदीकाठच्या दाट झाडीतून नेत नाहीत. मोकळ्या उतारावरून, पुढचं दिसेल अशा वाटेने नेतात, झुडूप आलं तर लांबून वळसा. रेड्याचा ताजा ठसा झुडपात शिरलेला दिसला की बाबा तिथून मागे फिरतात, कोणी कितीही आग्रह केला तरी. गाय-बैलासारखेच दोन खूर, पण एवढे मोठे नि गोलसर की चुकत नाहीत. माग काढता येणं म्हणजे कुठे जायचं नाही तेही कळणं, आणि दुपारच्या फेरीत त्यांचं निम्मं लक्ष त्यातच असतं.

अनघा_ठाणे
बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! काल रात्री नवऱ्याला अख्खा धागा वाचून दाखवला. सिंहाचा हट्ट सोडलाय, आता तिरक्या काटक्या शोधायच्या म्हणतोय. सुहासदादा, तुमचा मुद्दाही घेतलाय, पहाटेच्या जीप फेऱ्या तशाच ठेवल्या आहेत.
मुलाचं आणि सासूबाईंचं तेवढं सांगा ना.

डर्बनकर
मुलगा अकराचा आहे ना, मग नाही. क्रूगरमध्ये किमान वय १२ आहे आणि बहुतेक ठिकाणी तेच धरतात. विनवण्या करून उपयोग नाही आणि करूही नये, पळू नकोस म्हटल्यावर त्या वयाचं पोर पळतंच. सासूबाईंचं गुडघ्यांवर आहे. चाल संथ असते, पण वाळूत पाय रुततात, ओढ्यात चढ-उतार असतो, आणि बस म्हटलं की पटकन खाली बसता यायला हवं. जमिनीवर मांडी घालून आधाराशिवाय उठता येत असेल तर जमेल.
तसं नसेल तर तुम्ही दोघं जा. आजी आणि नातू आवारातच थांबतील. तिथेही न्याला हरणं अंगणात चरायला येतात, त्यांचे ठसे, लेंड्या, जमिनीवरच्या मुंगळ्यांच्या वाटा, सगळं आहे. नातवाला दोरी न् वही द्या.

अनघा_ठाणे
सासूबाईंनी लगेच दिवाणखान्यात बसून-उठून दाखवलं. दुसऱ्यांदा खुर्चीचा हात धरावा लागला. त्या स्वतःच म्हणाल्या, तुम्ही जा, मी आणि आदू हरणांचे ठसे काढतो. तर ठरलं. कपडे कुठले घ्यायचे?

डर्बनकर
मातकट, राखी, पोपटी नसलेला हिरवा. पांढरं अजिबात नको, लांबून चमकतं. सळसळणारी जाकिटं नकोत. अत्तर, सुगंधी तेल त्या दिवशी लावू नका. बूट आधी इथे महिनाभर वापरून घ्या.

चांदाकर
आदूला सांगा, ठशाचा फोटो काढताना शेजारी पेन किंवा काडेपेटी ठेव, म्हणजे माप कळतं, आणि कॅमेरा सरळ वरून धर. आल्यावर इथे टाका, आपण ओळखू. फक्त आई-बाबांनी काढलेला गेंड्याचा ठसा असेल तर जागा लिहू नका.